सागाचे घर कच्चे कसे?

नागझिऱ्याच्या जंगलाभोवती, गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांच्या सीमेवर, जुन्या धान-शेतकऱ्याचे घर अजून उभे असेल तर ते भिंतींच्या जोरावर उभे नसते. छपराचे ओझे वाहतात ते सागाचे, बिजाचे नाहीतर ऐनाचे खांब. खांब तळखड्यावर उभा, म्हणजे जमिनीत पुरलेला नव्हे तर दगडावर टेकवलेला. त्याच्या माथ्यावर आडवे मयाल, मयालावर आखूड खांब, त्यांनी तोललेले आढे, आढ्यापासून दोन्ही अंगांना उतरणारे वासे, वाशांवर बांबूच्या कमच्या आणि सगळ्यांत वर कुंभाराने चाकावर घडवलेले कवेलू. लाकूड लाकडात बसते ते खाच आणि कुसू पाडून. लोखंडी खिळ्याचे काम थोडे. हा सांगाडा आणि त्यावरचे छप्पर आधी उभे राहते आणि भिंत मागाहून मधल्या जागेत भरली जाते. ऐपत असेल तिथे मातीचे जाड थर, नसेल तिथे बांबूचा कूड विणून त्यावर शेण, माती आणि तणस यांचा लेप. पुढे सपरी म्हणजे ओसरी, मागे सांदवाडी म्हणजे परसू, बाजूला गुरांचा कोठा, आत धानाची ढोली. अशा घराची एखादी भिंत एखाद्या पावसाळ्यात बसली तरी घर बसत नाही, छप्पर खांबांवर तसेच राहते आणि उन्हाळ्यात भिंत पुन्हा भरता येते.

सरकारी नोंदीत मात्र हे घर कच्चे आहे. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणात घराबद्दल दोन मुख्य प्रश्न होते: भिंत कशाची आणि छप्पर कशाचे. भिंत मातीची, कुडाची किंवा लाकडाची असेल तर कच्ची. छप्पर हाताने घडवलेल्या कवेलूंचे असेल तर तेही कच्चे. यंत्रावर बनलेल्या कौलांचे किंवा पत्र्याचे असेल तर पक्के. छप्पर कशावर टेकले आहे, हा प्रश्नच नव्हता. परिणामी तीन पिढ्या ज्याच्या खांबांखाली जन्मल्या आणि मेल्या ते सागाचे घर एका रकान्यात गेले, आणि चार विटांच्या पातळ भिंतींवर दगड ठेवून दाबलेले पत्र्याचे खोपटे दुसऱ्या, वरच्या रकान्यात. माझे म्हणणे एवढेच आहे की ही मोजणी चुकीच्या जागी मोजते, आणि तिच्यावर उभारलेली घरकुलाची धोरणे या भागातली सर्वांत टिकाऊ बांधणी आपल्याच पैशाने मोडायला लावत आहेत.

यावर कोणी म्हणेल की शिक्का कच्च्याचा असला तर बिघडले कुठे, उलट त्यामुळेच तर अनुदान मिळते. खरे आहे, आणि नेमकी मेख तिथेच आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम किंवा नक्षलग्रस्त म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांत १ लाख ३० हजार रुपये मिळतात. ते मिळतात नव्या घरासाठी, किमान २५ चौरस मीटरच्या. जुने घर दुरुस्त करायचे, तळखडे नीट करायचे, कुजलेले दोन वासे बदलायचे, मातीची भिंत काढून त्या जागी विटेची भरायची, न्हाणीघर आणि संडास जोडायचा, यासाठी त्यात तरतूद नाही. आधीच्या इंदिरा आवास योजनेत निधीचा काही भाग निदान कच्च्या घराचा दर्जा वाढवण्यासाठी राखलेला असे. ती वाटही नव्या योजनेत बुजली. गावठाणातली जागा तेवढीच असते. म्हणून जुने घर उतरवायचे, लाकूड विकायचे आणि आलेल्या पैशात अनुदान मिसळून स्लॅब टाकायचा, हा सरळ व्यवहार होतो. शेतकरी वेडा नाही. जो पर्याय पुढे ठेवला आहे त्यातला तो शहाणपणाचा पर्याय निवडतो. उतरवलेले सागवान मग शहरांतल्या जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे जाते आणि तिथून हॉटेलांच्या दारांत आणि दिवाणखान्यांतल्या टेबलांत. तिथे त्याला कोणी कच्चे म्हणत नाही.

हीच बांधणी जगात दुसरीकडे कशी वागवली गेली हे पाहण्यासारखे आहे, कारण इंग्लंडातले जुने लाकडी शेतघर रचनेच्या दृष्टीने या घराचे सख्खे भावंड आहे. ओकच्या लाकडाचा सांगाडा, सांध्यांत खाच, कुसू आणि लाकडी मेख, मधल्या चौकटींत हेझलच्या काड्यांची वीण आणि त्यावर माती, शेण व काड यांचा लेप. तिथला कूड आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतला कूड यांत फरक काडीचाच. एक भेद महत्त्वाचा आहे: ओकच्या सांगाड्याला कोपऱ्यांत तिरपे आधार देण्याची रीत होती, आपल्याकडे तिरपे लाकूड फारसे येत नाही आणि स्थैर्य येते ते लाकडाच्या जाडीतून, वजनातून आणि घट्ट सांध्यांतून. तिथेही या घरांची लाज वाटण्याचा काळ आला होता. अठराव्या शतकात अनेक घरमालकांनी लाकूड झाकून पुढे विटांचे तोंड बांधले, कारण वीट म्हणजे प्रतिष्ठा. पण आतला सांगाडा वाचला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १८७७ मध्ये विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सोबत्यांनी जुन्या इमारती जपणारी संस्था काढली. जुने घर नवे करू नका, वेळच्या वेळी डागडुजी करा, हा तिचा आग्रह होता. १९४७ च्या नगररचना कायद्याने अशा घरांच्या यादीला कायद्याचे बळ दिले. आज १७०० पूर्वीचे, मूळ रूप बरेचसे टिकवून असलेले जवळपास प्रत्येक घर या यादीत जाते, मग ते सरदाराचे असो की कुळाचे. केंटमधले बेलीफ नावाचे पंधराव्या शतकातले शेतघर १९६०च्या दशकाच्या अखेरीस जलाशयाच्या आड आले, तेव्हा ते सांध्यासांध्याने सुटे करून ससेक्समधल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले गेले. पाचशे वर्षांपूर्वीचे घर असे उतरवता आणि चढवता येते, कारण त्याचे बळ सांगाड्यात आहे. आपल्याकडे नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पासाठी काही वस्त्या उठल्या, कुटुंबामागे दहा लाखांचे पॅकेज हा त्या वेळचा देशभरचा दर होता. उठणाऱ्या गावातल्या घरांचा सांगाडा नव्या जागी नेऊन चढवावा, ही कल्पना त्या पॅकेजच्या आराखड्यात कुठे बसत नाही.

आपले राज्यकर्ते लाकडाला कमी लेखतात असेही नाही. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेल्याचे सरकारनेच अभिमानाने सांगितले. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारशाहहून सागवान वाजतगाजत निघाले. ज्या वास्तूंनी शतके टिकावे असे वाटते तिथे विदर्भाचे सागवान चालते. खुद्द नागझिऱ्याच्या जंगलात वन विभागाच्या पर्यटक निवासांमध्ये लॉग हट आहेत, आणि शहरातून आलेला माणूस लाकडी भिंतीच्या, वीज नसलेल्या त्या मुक्कामाची आवर्जून वाट पाहतो. जंगलाबाहेरच्या गावात तशाच लाकडाच्या आधाराने उभे असलेले घर मात्र गरिबीची खूण ठरते. पर्यटकाचे लाकूड निसर्ग आणि गावकऱ्याचे लाकूड मागासलेपण, ही वाटणी कुणी लिहून ठेवलेली नाही. ती रकान्यांतून आपोआप झाली आहे.

राहण्याच्या सोयीचा विचार केला तरी हिशेब स्लॅबच्या बाजूने एकतर्फी लागत नाही. पूर्व विदर्भात उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो आणि पावसाळ्यात बाराशे ते चौदाशे मिलिमीटर पाणी पडते. जुन्या घराचे उतरते, पुढे आलेले छप्पर भिंतीला पाऊस आणि ऊन दोन्हींपासून दूर ठेवते. कवेलूंच्या दुहेरी थरातून वारा खेळतो, खालचा माळा उष्णता अडवतो, मातीची जाड भिंत दुपार उलटेपर्यंत थंड राहते. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि माणसे झोपायला टेकतात तेव्हा ती उष्णता खाली सोडायला लागतो. पत्रा तर सकाळी नऊलाच तापतो. घरकुल मिळालेले कुटुंब मे महिन्यात रात्री अंगणात खाट टाकून झोपते, हे या भागात नवल नाही, आणि ज्या गावांच्या शिवारात वाघ-बिबटे फिरतात तिथे उघड्यावर झोपणे ही नुसती गैरसोय राहत नाही. पंखा आणि कूलर यांचे बिल अनुदानात धरलेले नसते.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. एवढे लाकूड आणायचे कुठून? व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला बसून सागाची घरे बांधा म्हणणे म्हणजे जंगल तोडा म्हणणे, असे कोणीही म्हणेल. इंग्लंडातले वनेतिहासकार ऑलिव्हर रॅकहॅम यांनी सफोकमधल्या एका जुन्या शेतघराचा हिशेब मांडला तेव्हा त्यात तीनशेहून अधिक झाडे निघाली. आकडा घाबरवणारा आहे, पण त्याच हिशेबातून हेही दिसते की ती बहुतेक झाडे मध्यम किंवा बारीक जाडीची होती, म्हणजे पुन्हापुन्हा वाढवून वापरल्या जाणाऱ्या राईतली, आदिम अरण्यातले राक्षसी वृक्ष नव्हेत. घरासाठी लाकूड लागत होते म्हणून राई सांभाळली जात होती. आपल्याकडेही मालगुजारीच्या, म्हणजे इथल्या जमीनदारीच्या काळात गावाचा जंगलाशी असाच संबंध होता, त्यात वेठ आणि जुलूम मिसळलेला असला तरी. निस्तार म्हणजे घरासाठी बल्ल्या, बांबू, सरपण, गुरांना चारा, हा मध्य प्रांतातल्या गावांचा जुना हक्क. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, मालगुजारांची जंगले सरकारकडे आली, पण निस्तारपत्रकाची तरतूद विदर्भापुरती महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९६६ मध्येही राहिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने निस्ताराला नावानिशी सामूहिक हक्क म्हटले आणि बांबूला गौण वनोपजात घातले. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २०११ मध्ये आपल्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतः देण्याचा अधिकार मिळवला. वन्यजीव कायद्याच्या कलम २९ मध्येही, अभयारण्यातून व्यवस्थापनासाठी काढलेले वनोपज आतल्या आणि आसपासच्या लोकांच्या खऱ्या घरगुती गरजांसाठी देता येते, असे म्हटले आहे. कायद्याची दारे आहेत. ती घराच्या दिशेने उघडली गेलेली नाहीत.

शिवाय इथे मुद्दा नवी सागवानी घरे बांधण्याचा मुख्यत्वे नाहीच. जे लाकूड शंभर वर्षांपूर्वी तोडले गेले आणि आज खांब म्हणून उभे आहे ते जंगलाला परत मिळणार नाही. ते जागेवर राहिले तर नवे झाड तोडावे लागत नाही, आणि जागेवरून गेले तर त्याच्या बदल्यात सिमेंट आणि सळई येते. जगातल्या एकूण कर्बवायू उत्सर्जनापैकी सुमारे आठ टक्के सिमेंट बनवताना होते. जंगल वाचवण्याच्या नावाखाली जुने लाकूड विकायला लावून सिमेंट आणणे हा जंगलाचाही फायदा नव्हे. डागडुजीला लागणारे थोडे नवे लाकूड वनविकास महामंडळाच्या लागवडीतून, आगारांतून मिळू शकते. हे महामंडळ १९७४ पासून याच राज्यात साग वाढवते आणि लिलावाने विकते. त्या लिलावात गावचा शेतकरी दोन वाशांसाठी बोली लावणार नाही, हे उघड आहे. घरदुरुस्तीसाठी ठरल्या दराने लहान लॉट देण्याची सोय हवी, आणि वाहतूक परवान्याची कटकट त्या लॉटपुरती तरी संपायला हवी.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे, आणि तो सहज झटकता येणार नाही. सागाचे जाड खांब कोणाच्या घरात होते? मालगुजाराच्या, पाटलाच्या, चार बैलजोड्या बाळगणाऱ्या पोवार किंवा कोहळी शेतकऱ्याच्या. गोंड मजुराचे घर बल्ल्यांचे आणि कुडाचे, बुटके, एका दाराचे असे. मग लाकडी घराचे गुणगान म्हणजे जुन्या मालकीचेच गुणगान नव्हे काय? ज्याच्या घरी कधी सिमेंट नव्हते त्याला स्लॅब हवा वाटतो, कारण स्लॅब म्हणजे साहेब आल्यावर मान वर करून उभे राहता येणे. त्या माणसाला परंपरेच्या नावाने मातीत बसवणे हा उद्धटपणा होईल. मी ते सुचवत नाही. स्लॅब हवा असलेल्याला स्लॅब मिळालाच पाहिजे. पण ज्याच्याकडे खांब शाबूत आहेत त्याला ते ठेवूनही अनुदान मिळावे, आणि ज्याच्याकडे कुडाचे घर आहे त्याला तळखड्यांवरचे, विटेच्या जोत्याचे, प्रक्रिया केलेल्या बांबूचे आणि लागवडीतल्या लाकडाचे घर हा खरा पर्याय म्हणून दिसावा. आज त्याला एकच वाट दिसते. एकच वाट असली की तिला निवड म्हणत नाहीत.

याच आक्षेपाचा दुसरा अंश बायकांच्या कष्टाचा आहे, आणि लाकडी घरांवर हळहळणारे बहुतेक लेख तो गिळून टाकतात. मातीच्या घराचे सारवण, पोतेरे, पावसाळ्यानंतर भिंती लिंपणे, सणाआधी पांढरी माती आणून रंगवणे हे सगळे घरच्या बाईच्या अंगावर पडते. फरशी आली की तिचे दररोजचे काम घटते. म्हणून भिंत आणि जमीन यांच्याबाबतीत जुन्याचा हट्ट धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. सांगाड्याच्या घराचा हाच तर फायदा आहे की भिंत बदलली तरी घर तेच राहते. खांब-मयाल तसेच ठेवून खाली फरशी, मधे भाजलेली वीट, मोठ्या खिडक्या आणि स्वयंपाकघराला धुराची वाट करता येते. जुनी घरे अंधारी होती, खिडक्या हातभर होत्या, आणि उंदरांच्या बिळांमागून मण्यार आत येई. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावणे हे या भागातले मृत्यूचे एक खरे कारण आहे. पक्के जोते आणि बिळे नसलेली भिंत यांना पर्याय नाही.

उधई, आग आणि माकडे हे उरलेले आक्षेप. उधई खांबाला लागते ती बहुधा जमिनीतून. तळखडा कोरडा ठेवला आणि खांबाचा पाय मातीत गाडला नाही, तर सागाचा गाभा उधईला दाद देत नाही. आगीचे भय खरे आहे, पण उघडी चूल गेली आणि वीज नीट जोडली गेली की ते बरेच कमी होते. भूकंपाचा विषय निघालाच तर, १९९३ च्या किल्लारी भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसे मेली ती प्रामुख्याने मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंतींखाली. जिथे लाकडी खणांचा सांगाडा धड होता तिथे भिंती ढासळूनही छप्पर तोलले गेल्याचे दिसले. माकडांचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेऊ नये. जंगलाकाठच्या गावांत वानरांची टोळी एका उडीत पन्नास कवेलू फोडते, आणि कवेलू काढून पत्रे टाकण्याचे ते एक अगदी सच्चे कारण आहे. त्यात कवेलू फेरायला येणारा माणूस मिळत नाही आणि ते घडवणारा कुंभार वीटभट्टीवर कामाला गेलेला असतो. छपरावर पत्रा टाकून त्याखाली बांबूचा तट्टा आणि मातीचा थर ठेवण्यासारख्या तडजोडी करता येतील. कवेलू गेले म्हणून खांब जायचे कारण नाही.

करायचे काय, याची यादी मोठी नाही. घरयादीत भिंत आणि छप्पर यांच्या जोडीला सांगाड्याचा एक रकाना. जनगणनेच्या घरयादीतही जमीन, भिंत, छप्पर एवढेच विचारण्याचा जुना प्रघात आहे. घरकुलाच्या रकमेतून, ग्रामसभेच्या ठरावावर आणि तांत्रिक तपासणीनंतर, शाबूत सांगाड्याच्या दुरुस्तीची मुभा. घरबांधणीच्या स्थानिक पद्धतींचे 'पहल' नावाचे संकलन केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने आयआयटी दिल्ली आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमासह काढले आहे, म्हणजे माती, बांबू आणि लाकूड चालते हे दिल्लीला तत्त्वतः मान्य आहे; पंचायत समितीच्या अभियंत्याच्या अंदाजपत्रकात ते उतरायचे राहिले आहे. आणि सुतार. आवास योजनेत ग्रामीण गवंड्यांच्या प्रशिक्षणाचा कार्यक्रम आहे, सुताराचा नाही. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत अठरा धंद्यांमध्ये सुतार आणि कुंभार दोघेही आहेत, त्यांना अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदतही मिळते. एक योजना सुताराच्या हातात नवा रंधा देते आणि दुसरी योजना गावातले घर असे बांधायला लावते की त्यात दार-चौकटही लोखंडाची बसते. दोन्ही अर्ज एकाच ग्रामपंचायतीतून जातात. घरकुलाच्या यादीतल्या दुरुस्त करण्याजोग्या घरांची नावे आणि त्याच तालुक्यातल्या नोंदणी झालेल्या सुतारांची नावे एका कागदावर आणायला नवा कायदा लागत नाही, जिल्हा परिषदेचे एक परिपत्रक पुरे.